सल्ला: ओढ्याकडेच्या भिंतीची वर्गणी भरावी का?

बेळगाव शहरालगत, मार्कंडेय नदीच्या काठी वाढत चाललेल्या एका वसाहतीतून एका वाचकांनी सहा पानांचे पत्र पाठवले आहे. त्यातील मुख्य मजकूर त्यांच्याच शब्दांत, थोडा आटोपता करून देत आहे. गावाचे आणि वसाहतीचे नाव मी मुद्दाम गाळले आहे.

«मी उद्यमबागेतील एका कारखान्यात सुपरवायझर आहे. शहापुरात अठरा वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून येथे तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला आणि घर बांधले. चार एकर भातशेतीवर मुरूम टाकून ही वसाहत पाडली आहे. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला शेती आणि मध्ये आमची चाळीस घरे, अशी रचना आहे. गेल्या जुलैमध्ये पाणी घराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले आणि दोन दिवस तसेच राहिले. घरात शिरले नाही, पण न्हाणीघरातून आणि संडासातून उलटे वर आले. त्याच रात्री शेजारच्या शेताचे मालक बॅटरी घेऊन दारात आले आणि वसाहतीचा रस्ता एका ठिकाणी फोडू द्या, माझी लावण कुजते आहे, असे म्हणाले. आमच्या कमिटीने नकार दिला. शब्दाला शब्द वाढला. तेव्हापासून गावातील लोक आमच्याशी बोलत नाहीत. यंदा सप्ताहाची पावती फाडायलाही कोणी आले नाही. आता कमिटीने ओढ्याच्या बाजूने दोनशे फूट लांब आणि सहा फूट उंच भिंत बांधायचे ठरवले असून प्रत्येक घराने 20,000 रुपये गुढीपाडव्यापूर्वी भरायचे आहेत. पत्नी म्हणते, भिंतही नको आणि घरही नको, विकून टाकू. आईचे वय 74 आहे, तिला गच्चीवर चढवत नाही. मी वर्गणी भरावी की घर विकावे?»

सप्रेम नमस्कार.

वर्गणी भरू नका. घर विकायचे की नाही, हे मात्र मी आज सांगणार नाही, कारण ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती आपल्या पत्रात नाही. ती आपल्याकडेच नाही, असे मला वाटते. ती कोणाकडे आहे, तेही पुढे लिहितो.

आधी भिंतीविषयी. आपण कारखान्यात काम करता, त्यामुळे हिशेब आपल्याला पटेल. भिंतीशी तीन फूट पाणी अडले, तर तिच्या प्रत्येक फूट लांबीवर सुमारे 125 किलोचा रेटा येतो. म्हणजे दोनशे फूट भिंतीवर 25 टन. सहा इंची ब्लॉकची, भिजलेल्या मुरुमात पाया घेतलेली भिंत हा रेटा किती तास सोसेल, हे कोणत्याही गवंड्याला विचारा. हळूहळू चढणारे पाणी माणसाला सामान उचलायला वेळ तरी देते. फुटलेल्या भिंतीतून येणारे पाणी तेवढीही सवड देत नाही. बरे, भिंत टिकली असे गृहीत धरू. गेल्या वर्षी पाणी आपल्या घरात दरवाजातून नव्हे, संडासातून आले होते. जमिनीखालून आणि पाइपांतून येणाऱ्या पाण्याला भिंत दिसत नाही. शिवाय वसाहतीच्या छपरांवर आणि रस्त्यांवर पडलेला पाऊस आज ओढ्याकडे उतरतो, तो उद्या भिंतीच्या आतच साचून राहील. 20,000 रुपये भरून आपण स्वतःच्या दारात तळे बांधून घेणार आहात.

हे पाणी येते कोठून, हे वसाहतीतील किती जणांना ठाऊक आहे, अशी मला शंका आहे. मार्कंडेय ही आपल्या पश्चिमेच्या डोंगराळ भागातून येणारी नदी. राकसकोपचा जलाशय तिच्यावरच आहे आणि बेळगावकर निम्मे आयुष्य त्या जलाशयाची पातळी वर्तमानपत्रात वाचण्यात घालवतात. उन्हाळ्यात ती घटली की चिंता आणि जुलैत जलाशय भरला की आनंद. जलाशय भरल्यावर दरवाजे उघडतात आणि ते पाणी नदीच्या वाटेने खालच्या गावांच्या शिवारांतून पुढे जाते, एवढा भाग शहरातला वाचक सहसा वाचत नाही. नदीकाठचा शेतकरी आधी तोच वाचतो. नदी तुडुंब भरली की तिला मिळणारे ओढे तिच्यात रिकामे होऊ शकत नाहीत. त्यांचे पाणी मागे सरकते. याला फुगवटा म्हणतात, आणि आपल्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलेले पाणी बहुतांशी या फुगवट्याचे असणार.

पूर्वी हे पाणी कोठे राहत होते? आपल्या चार एकरांत राहत होते. भाताचे वाफे बांधांनी बांधलेले असतात आणि पाणी साठवणे हेच त्यांचे काम असते. चार एकरांत केवळ सहा इंच पाणी उभे राहिले, तरी ते सुमारे 25 लाख लिटर भरते. एवढी जागा मुरुमाने भरून उंच केली, तेव्हा 25 लाख लिटर पाण्याला दुसरीकडे जागा शोधावी लागली. ती शेजारच्या शेतात मिळाली. दोष आपला नाही; प्लॉट घेताना आपल्याला कोणी हे सांगितले नसेल, आणि विकणाऱ्याने तर नक्कीच सांगितले नसेल. पण त्या रात्री बॅटरी घेऊन आलेला माणूस भांडायला आला नव्हता, हे यावरून लक्षात यावे.

येथे थोडे विषयांतर करतो. माझे घर शहराच्या दक्षिणेला, बळ्ळारी नाल्यापासून फार लांब नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीने अर्जावर अर्ज करून काँक्रीटचा रस्ता मंजूर करून घेतला. मंजुरीचे पेढे मी स्वतः वाटले. कंत्राटदाराने जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच नवा ओतला, रस्ता नऊ इंचांनी वर आला आणि पहिल्याच मोठ्या पावसात ज्या घरांच्या उंबऱ्याला कधी पाणी लागले नव्हते, त्या घरांत लोक तसराळ्याने पाणी उपसत बसले. माझ्या घराचे जोते उंच होते, म्हणून मी वाचलो. समोरच्या घरातल्या आजींनी दुसऱ्या दिवशी मला एवढेच विचारले, «पेढ्यांचे पैसे आमच्याकडनं पण घेतला होतास न्हवं?» त्यानंतर उंची वाढवण्याच्या कोणत्याही कामाला मी सही करण्याआधी, पलीकडे काय होईल, हे विचारतो.

आता आपल्या पत्रातील एका वाक्याकडे येतो. «शब्दाला शब्द वाढला.» सहा पानांत आपण प्रत्येक गोष्ट कोणी केली ते नेमके लिहिले आहे, एवढे एकच वाक्य कर्त्याशिवाय आहे. त्या रात्री दारात आपणही उभे होता. काय बोलला असाल, ते मला कळण्याची गरज नाही. त्या शेतकऱ्याला मात्र ते पाठ असेल.

त्याने मागितले काय होते, ते पाहा. पाणी काढून टाका असे तो म्हणाला नाही, रस्ता एका ठिकाणी फोडू द्या म्हणाला. भाताला पाणी नवे नाही. दोन दिवसांत उतरणारे पाणी लावण सहन करते; आठ दिवस तुंबलेले पाणी तिला कुजवते. नदी उतरू लागल्यावर आपले अंगण मोकळे झाले, त्याचे शेत मात्र झाले नाही, कारण त्याच्या शेतातून ओढ्याकडे जाणारी वाट आपल्या रस्त्याने बंद केली आहे. त्याने दाखवलेली जागा ही पाण्याची जुनी वाट असणार. तेथे रस्त्याखाली सिमेंटच्या मोठ्या नळ्या टाकून मोरी करणे, हे आपल्या वसाहतीचे खरे काम आहे. नदी भरलेली असताना मोरीने पाण्याची पातळी एक इंचही घटणार नाही, हे मी स्पष्टच सांगतो, नाहीतर पुढच्या जुलैत आपण मला दुसरे पत्र लिहाल. मोरीमुळे एवढेच होईल की नदी उतरली की आपले आणि त्यांचे पाणी बरोबरीने उतरेल. चाळीस घरांचे मिळून 8 लाख रुपये जमणार आहेत. माझ्या अंदाजाने मोरी आणि ओढ्याचा गाळ काढणे ही दोन्ही कामे मिळून याच्या निम्मीही रक्कम लागणार नाही.

कमिटीत काही जण म्हणतील की रस्ता आमचा, जमीन आमची, आम्ही का फोडायचा? त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, वहिवाटीच्या हक्कांचा 1882 चा कायदा, ज्याला वकील मंडळी ईझमेंटचा कायदा म्हणतात. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी स्वाभाविक उताराने खालच्या जमिनीकडे जात असेल, तर खालच्या मालकाने ते जाऊ दिले पाहिजे, असे त्याच्या सातव्या कलमातील उदाहरणांत स्पष्ट म्हटले आहे. मुरूम टाकून खालची जमीन वर आणली, म्हणून तो उतार पुसला जात नाही. शेतकऱ्याने उद्या वकील केला, तर भिंत आणि रस्ता दोन्ही न्यायालयात उभे राहतील. दुसरी गोष्ट, वसाहतीच्या मूळ सर्व्हे नंबरचा पहाणी उतारा (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा) काढून त्यातील क्षेत्राचा रकाना वाचा. आपल्या कर्नाटकात तेथे फूट खराब अ आणि ब असे दोन भाग असतात. ‘अ’ म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन; ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, नाला अशा सार्वजनिक उपयोगाची जमीन, जी मालकाची नसते आणि म्हणून कोणाला विकताही येत नाही. गावनकाशात ओढ्याची रेघ कोठून जाते आणि ‘ब’ खराबा किती गुंठे आहे, हे जुळवून पाहिल्यावर कमिटीची भिंत नेमकी कोणाच्या जागेत उभी राहणार आहे, ते समजेल. ओढ्याच्या हद्दीत बांधलेली भिंत हे अतिक्रमण ठरते आणि तहसीलदार ती पाडू शकतात. पहाणी ‘भूमी’ या सरकारी संकेतस्थळावर मिळते, आणि आपण उभे आहोत ती जागा कोणत्या सर्व्हे नंबरात येते, हे दिशांक या सरकारी ॲपवर फोनमध्येच दिसते. हे सगळे कागद कन्नडमध्ये असतात. आपल्याला वाचता येत नसतील, तर वसाहतीतील एखाद्या कन्नड शेजाऱ्याला शेजारी बसवून वाचून घ्या. केवळ एजंटाच्या तोंडी भाषांतरावर विसंबू नका. आपल्याकडे कितीतरी घरे अशाच भाषांतरावर उभी आहेत. त्याच वेळी आपल्या स्वतःच्या घराच्या मालमत्ता नोंदीचा ग्रामपंचायतीचा नमुना 11-अ आहे की 11-ब, हेही बघून ठेवा. 11-ब असेल तर मंजुरीत काहीतरी अपुरे आहे आणि विकण्याचा विचार त्यानंतरच करावा लागेल.

मोरीचा अर्ज पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, नावे कन्नडमध्ये करावा, मराठी प्रत सोबत जोडावी आणि पोच घ्यावी. अर्जावर वसाहतीच्या सह्यांच्या वर त्या शेतकऱ्याची सही असेल, तर पंचायतीत त्याचे वजन वेगळे पडेल. गावच्या पंचायत सदस्यांची मते कोठे आहेत, हे आपण जाणताच. काम मृगाच्या आधी व्हायला हवे. एकदा लावणीचे दिवस आले की शिवारात जेसीबी उतरत नाही.

ही सही मिळवायला कमिटी घेऊन जाऊ नका. आपण आणि पत्नी दोघेच जा, सकाळच्या वेळी, त्यांच्या शेतावर. सध्या भाताच्या मागून घेतलेल्या मसुरीची नाहीतर हरभऱ्याची काढणी चालू असेल, माणूस बांधावर सापडेल. कुजलेल्या रोपांचे पैसे पहिल्याच भेटीत पुढे करू नका; रात्रीच्या अपमानाची किंमत ठरवायला आलात, असे त्यांना वाटेल. «काका, त्या रात्री आमचं चुकलं. पाणी पूर्वी कसं जात होतं, ते एकदा दाखवता का?» एवढे म्हणा आणि मग ऐका. ते कदाचित पहिल्या दिवशी दाखवणार नाहीत. आपण पुन्हा जा. सप्ताहाच्या पावतीची वाट पाहत घरी बसू नका; देवळात जाऊन पंच कमिटीकडे आपणच पावती मागा. आपल्या भागात नव्या वसाहतीतील माणसे गावात फक्त दूध आणि भाजी घ्यायला येतात, ही गावांची तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे.

घरासाठी काही कामे भिंतीविनाही या उन्हाळ्यात करून घेता येतील. सांडपाण्याच्या आणि संडासाच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप, बसवून घ्या. प्लंबरला हे काम नवे नाही. गेल्या वर्षीचा किळसवाणा प्रकार यानेच बऱ्याच अंशी थांबेल. दारातल्या संपचे, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे, झाकण जमिनीलगत असेल तर त्याचा कठडा पुराच्या खुणेच्या वर उचला, कारण पुराचे पाणी एकदा संपमध्ये शिरले की ते नळाच्या पाण्यात मिसळते आणि पाणी ओसरल्यावरही आठवडाभर घर आजारी राहते. इन्व्हर्टरची बॅटरी आणि खालचे स्विचबोर्ड वर घ्या. आपले गृहकर्ज आहे, त्यामुळे बँकेने घराचा विमा उतरवलेला असण्याची शक्यता आहे. त्याची प्रत मागून घ्या. 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, तिच्यात पूर आणि जलमयता धरलेली असते, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही संरक्षण मिळते. पॉलिसी केवळ कर्ज घेणाऱ्याच्या जिवाची आहे की घराची, हे नीट पाहा. दोन्हींत पुष्कळांचा घोटाळा होतो.

आपल्या मातोश्रींना गच्चीवर नेण्याचा विचार सोडून द्या. भर पावसात गच्चीवर बसवलेल्या वृद्ध बाईचे काय होईल? नदीकाठच्या जुन्या गावांचे गावठाण पाहा, ते उंचवट्यावर असते. शेती खाली मळीत आणि घरे वर, अशी ती पूर्वजांनीच बसवली आहेत. पाणी पहिल्या पायरीला लागले की त्यांना गावठाणातल्या एखाद्या घरी दोन रात्रींसाठी नेऊन ठेवणे हाच खरा उपाय आहे. आज ते घर कोणते, याचे उत्तर आपल्याकडे नसेल. जुलैपर्यंत असायला हवे.

पत्नींच्या म्हणण्याला आपण सहा पानांत एकच ओळ दिली आहे. त्या घर विका म्हणतात, ते पाण्याच्या भीतीने, न्हाणीघरात वर आलेल्या घाणीच्या किळसेने, की कोणी बोलत नसलेल्या गल्लीत दिवसभर एकट्याने राहावे लागते म्हणून, हे त्यांना शांतपणे विचारा. पहिल्या दोन्हींवर प्लंबर आणि विमा यांनी काही प्रमाणात तोड निघते. तिसऱ्यावर भिंतीने फक्त भर पडेल.

विकायचेच ठरले, तर घेणाऱ्याला पाण्याची गोष्ट सांगूनच विका. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्याचे 55 वे कलम, साध्या चौकशीत घेणाऱ्याला न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने उघड करावा, असे सांगते. आपल्याला जे कोणी सांगितले नाही, ते आपण दुसऱ्याला सांगावे, हे कायदा नसता तरी योग्यच ठरले असते.

विकावे की राहावे, हे ज्या माहितीवर ठरेल, ती अशी. आपण तीन वर्षांपूर्वी राहायला आलात, म्हणजे आपण पाहिलेले सर्वांत मोठे पाणी गेल्या जुलैचे. बेळगाव जिल्ह्याने त्याहून मोठी पाणी पाहिली आहेत: 2005 चा पूर, 2019 चा ऑगस्ट, 2021 चा जुलै. त्या तिन्ही वेळी आपल्या प्लॉटच्या जागी भाताची शेते होती आणि पाणी कोठवर चढले होते, हे त्या बांधावरच्या माणसाला ठाऊक आहे. आंब्याच्या बुंध्यावर किंवा मोटरच्या खोलीच्या भिंतीवर त्याची खूणही असेल. ती खूण आपल्या जोत्याच्या खाली येते की वर, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने अर्ध्या तासात मोजता येते. खाली येत असेल, तर मोरी आणि झडप करून निर्धास्त राहा. हातभर वर येत असेल, तर वर एक खोली आणि आईंना चढता येईल असा पसरट जिना बांधण्याचा खर्च काढा. छातीएवढी वर येत असेल, तर पत्नींचे म्हणणे बरोबर आहे. ही खूण दाखवायला त्या शेतकऱ्याने आपल्याला बोलावावे, अशी वेळ येईपर्यंत कमिटीला सांगा की गुढीपाडव्याची तारीख पुढे ढकला.

आपला स्नेहांकित,
सल्लागार